एकही मेलेला ठिपका नसल्याची हमी

२ सप्टेंबर
आजपासून चिडायचं नाही. नोकरीच्या अर्जांचा हंगाम आहे, स्टुडिओत रांग लागते. गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत बसतं आणि मी त्याच्या देखत पडद्यावरच्या फोटोत कातडी गुळगुळीत करतो, हनुवटी निमुळती करतो. अख्ख्या सिल्लिम वस्तीत असा हात दुसऱ्याचा नाही.
दुपारी एक बाई म्हणाली, फोटोत मी पिवळी दिसतेय. मला चांगली गोरी दिसत होती. खोटारडी.

४ सप्टेंबर
आमच्या सेरिनचा फोटो केला, बँकेच्या अर्जासाठी. अप्रतिम. पोरगी म्हणते, "बाबा, ही मी नाहीच." समोरच्या गू फोटोवाल्याकडून काढून घेते म्हणाली. गू! काल मिसरूड फुटलेला माणूस. फोटोवाल्याची मुलगी समोरच्या दुकानात गेली तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं?
दोष मॉनिटरचा आहे. टीएन पॅनेल. समोरून एक रंग, बाजूने दुसरा. तिला म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांब.

७ सप्टेंबर
योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून व्हीए पॅनेल आणलं. काळा रंग काय गडद! सेरिनला शेजारी बसवलं. तिला तिथून केस राखाडी, चेहरा धुवट. हरामखोर दुकानदार.
"मी रंगाचं म्हणतच नाहीये," ती म्हणाली. पुढे काय म्हणाली कोण जाणे, मी तोवर फोनवर दुकानदाराला झाडत होतो.

८ सप्टेंबर
न चिडण्याचा संकल्प चुसॉकच्या सणापासून.

९ सप्टेंबर
व्हीए परत, आयपीएस पॅनेल घरात. कुठूनही बघा, दोघांना एकच दिसतं. शिवाय पडद्यावर एकही मेलेला, म्हणजे न उजळणारा, ठिपका नसल्याची लेखी हमी. तिचे वेगळे पैसे घेतात, लुटारू.
मॉनिटर जोडेपर्यंत कळलं, सेरिन सकाळीच गूकडे जाऊन आली. जेवलो नाही. बायकोने माझ्या वाटणीचं किमचीचं कालवण मुकाट्याने पातेल्यात परत ओतलं. तिने एकदाही आग्रह केला नाही, त्याचा जास्त राग आला.

१० सप्टेंबर
गूने काढलेला सेरिनचा फोटो चुका काढायला उघडला. सापडेनात. सापडला तो पडद्यावरचा मेलेला ठिपका. काळा कुळकुळीत. तळपायाची आग मस्तकात गेली. मॉनिटर कवेत घेऊन मेट्रोने थेट योंगसान.
दुकानदाराला भर दुकानात फैलावर घेतलं. त्याने पडदा पांढरा करून दाखवला. ठिपका नाही. मी म्हटलं, लबाडी नको, चेहरा लावला की दिसतो. पेनड्राइव्ह दिला. दिसला! दुकानात जितके होते तितक्यांना बोलावून दाखवला.
दुकानदाराने माउसने फोटो थोडा बाजूला सरकवला. ठिपकाही चेहऱ्याबरोबर सरकला.
"मालक," तो हळू आवाजात म्हणाला, "हा तीळ आहे."

१० सप्टेंबर, संध्याकाळ
बायको म्हणते, जन्मापासून आहे. स्टुडिओच्या भिंतीवर सेरिनचे बालवाडीपासूनचे फोटो आहेत, सगळे मी केलेले. एकातही नाही.
कुणावर तरी चिडावं म्हणून बसून राहिलो. जमलं नाही.
जेवताना सेरिन समोर बसली होती. डाव्या डोळ्याखाली, अगदी ठळक. "बाबा, काय बघताय?"
म्हटलं, काही नाही. पॅनेल चांगलं आहे.