चाळीस दिवसांचे 'उत्तम'

उधना, सुरत
कार्तिक वद्य नवमी, गुरुवार
१३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नूतन,

तुला व चि. कुंदनरावांना माझे आशीर्वाद. कामरेजला तुम्ही उभयता सुखरूप असावे, ही इच्छा पूजेच्या वेळी देवापुढे मांडूनच लिहावयास बसलो आहे. इकडे सर्व ठीक. तुळशीविवाह यथासांग पार पडला. तुझी आई सुषमा रोज डबा पाठवते. दिवाळीनंतर बंद पडलेले समोरच्या गाळ्यातले माग सोमवारपासून पुन्हा सुरू झाले, त्यामुळे भिंतीला टेकून बसले की पाठीत त्यांचा ठोका जाणवतो.

सकाळपासूनचे हे तिसरे पत्र. दोन फाडली. त्याआधी तुला दोनदा फोनही लावला होता. तू "बोला नाना" म्हणालीस आणि मी हवापाण्याची चौकशी करून ठेवून दिला. समोरून माणसाचा आवाज आला की माझी वाणी आपोआप गोड होते. कागद उलट बोलत नाही, म्हणून कागद.

दार वाजल्यासारखे वाटले म्हणून आताच उठून उघडून पाहिले. कोणी आलेले नव्हते. पुन्हा बसलो.

कलाबाईंची बातमी तुला कळली असेलच. शेजारच्या कलाबाई मंगळवारी पडल्या. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, महिनाभर हात हलवायचा नाही. सुषमाने तुला "घरात पाय घसरला" एवढेच सांगितले असेल, कारण मी तिला तेवढेच सांगितले होते.

त्या तुझ्या आसनावरून पडल्या, नूतन.

दसऱ्याला तू तुझ्या कारखान्यात घडवलेले ते बुटके आसन माझ्यापुढे ठेवलेस, तो प्रसंग मला शब्दशः आठवतो. "नाना, गुडघे धरलेल्या माणसाला जमिनीलगत बसता यावं आणि कुणाचा हात न धरता उठता यावं, एवढंच याचं काम. चाळीस दिवस यावर पूजा करा, पोथी वाचा. रोज या वहीत लिहा. आणि भीड नको हं, शिव्या घातल्या तरी चालतील. कौतुक करायला आई आहे, मला खोट सांगणारा माणूस पाहिजे." मी हसलो होतो. घरात एवढी माणसे असता तू मला निवडलेस, याचा मला अभिमान वाटला होता.

त्या वहीत मी चाळीस दिवस 'उत्तम' लिहिले.

चातुर्मासातला माझा नियम तुला ठाऊक आहे. तुझी आजी हयात असताना तिच्या हातच्या एकाही भाजीला मी दोष दिल्यावाचून ताट सोडले नाही. ती गेल्यापासून हे चार महिने मी कोणत्याही वस्तूला, अन्नाला वा माणसाला नाव ठेवत नाही. तुझी वही त्याच नियमात आली. शास्त्राने वाणीचे तप सांगितले आहे. त्यातले प्रिय बोलणे मी पाळले आणि सत्य गाळले, तरी तप घडले असे समजून चाललो.

इथवर लिहून उठलो, पोथीची चार पाने वाचली, अर्थ लागला नाही. पोथी बांधून ठेवली.

वर लिहिले ते खरे आहे, परंतु पुरेसे नाही. प्रबोधिनी एकादशी झाली आणि द्वादशीला माझा नियम सुटला. त्यानंतर वहीत आणखी नऊ नोंदी आहेत. त्याही 'उत्तम'च आहेत. त्या नऊ दिवसांना कोणत्याही व्रताचा आधार नाही.

दर रविवारी तू यायचीस, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून वही उघडायचीस आणि विचारायचीस, "नाना, या आठवड्यात काय वाटलं?" मला काय वाटले हे कोणी विचारून फार वर्षे झाली होती. आसन सदोष ठरले तर तू ते उचलून नेशील, कारखान्यात महिनोन्‌महिने अडकून पडशील, आणि माझा रविवार जाईल, ही माझी भीती होती. इतके क्षुद्र कारण आहे.

सोमवारी तू आसनाचा साचा बनवून देणाऱ्या छगनभाईंना घेऊन वही न्यायला आलीस. त्या सज्जन गृहस्थांनी मला स्पष्ट विचारले, "मास्तरसाहेब, साचानुं लोखंड एक वार कपायुं, पछी पाछुं नहीं जोडाय. पाक्कुं ने?"

साच्याचे लोखंड एकदा कापले की पुन्हा जोडता येत नाही, हे नीट समजूनही मी म्हणालो, "पक्के."

माझी ही ग्वाही ऐकूनच कलाबाई दुसऱ्या दिवशी आसन मागून घेऊन गेल्या. इस्पितळातून आल्यावर त्यांनी मला हाक मारली. चिडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या हसत आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मास्तर, बसाले सिंहासन शे, पन उठाले खोडा शे! तुम्ही रोज कसा उठतस?"

मी म्हणालो, "सवयीने."

सवय वगैरे काही नाही. आता तपशील लिहितो, तो तुझ्या कामाचा आहे. पूजेला मी रेशमी सोवळे नेसतो. तुझ्या आसनाला पुढे जो उतार आहे, त्यावर रेशीम ठरत नाही, माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. तुझ्या कारखान्यातले लोक पँट घालून बसले, त्यांना हे कळणे शक्य नव्हते. उठताना उजव्या मुठीवर जोर दिला की डावी कड उचलते आणि गुळगुळीत लादीवर आसन सरकते. कलाबाईंचे नेमके हेच झाले. नवव्या दिवसापासून मी खाली ओला पंचा घालू लागलो. विसाव्या दिवसापासून मी त्यावर बसलोच नाही. खाटेच्या कडेवर बसून वाचत होतो. वही मात्र आसनावर ठेवूनच लिहीत असे. खोटे लिहितानाही तेवढी औपचारिकता सांभाळावीशी वाटली, याचे आज नवल वाटते.

परवा, शनिवारी, लोखंड कापले जाणार आहे. ते थांबव. छगनभाईंना हे पत्र वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. ते तुझ्यावर चिडतील, तेव्हा दोष कोणाचा हे त्यांना कळले पाहिजे. कलाबाईंना मी आज संध्याकाळी स्वतः सांगणार आहे.

गल्लीतला भिकन उद्या पहिल्या पाळीला सचिनच्या औद्योगिक वसाहतीत निघेल, तो हे पत्र तिथे तुझ्या कारखान्यात तुझ्या हाती देईल. अकरापर्यंत मीही रिक्षाने येतो. आसन सोबत आणीन. माझे सोवळे आजवर देवघराच्या बाहेर गेलेले नाही. उद्या ते नेसून मी तुझ्या कारखान्यात येईन आणि छगनभाई, कुंदनराव व सर्व कारागिरांसमोर त्या आसनावर बसेन. मग उठू लागेन. तुझा जीव कळवळेल, परंतु पुढे येऊ नकोस, मला हात देऊ नकोस. कागद-पेन्सिल घेऊन समोर उभी राहा आणि मला कसे उठता येत नाही, ते नीट पाहून घे.

तुझा खोटा साक्षीदार,
नाना