उपाशी टेम्पो

।। बिरोबा प्रसन्न ।।
राहू, ता. १० एप्रिल २०२५

चि. रुपालीस आजी बानूबाईचा अ. उ. आशीर्वाद. हिकडं समदी खुशाल. फोनवर तू नुसतं व्हय व्हय करून ठेवतीस, म्हणून चिठ्ठी. तिसरीपतुर शिकल्याली मी, अक्षराला हसू नको.

तुझा टेम्पो गोठ्याम्होरं हाय. पर तुझा त्यो जयसिंगसाहेब! कारखान्यात जागा न्हाई, गावाला ने म्हणला म्हणं. एवढ्या मोठ्या शिरूरच्या कारखान्यात नातीच्या टेम्पोला जागा न्हाई, आन् ह्याच्या पोटाला हाय. टेम्पो सोडायला आला तवा शेळीच्या दुधाचा चहा दिला, तर हुंगून खाली ठेवला. वर म्हणतो कसा, मिठाची बॅटरी चटणीत घाला, टेम्पोत कोंबड्या बसवा. आमच्या मेंढरास्नी पण मीठ लागतं, ह्याला काय ठावं?

तू हात लावू नको म्हणलीस. न्हाईच लावला. नुसती चार्जिंगची वायर लावली. गोकुळ डायवर लावतो ती बघितली व्हती. आपल्या दारात बांधल्यालं कुणी उपाशी ऱ्हात न्हाई. रोज घटकाभर पाजते, उन्हाचं वरून घोंगडं टाकते. म्हातारा हसतोय, हसू दे.

लोभ हाय तसा राहू दे. तुझी आजी.

शिरूर, ता. १४ एप्रिल २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी डोक्यालाच हात लावला.

आजी, तो टेम्पो उपाशी ठेवायलाच पाठवला होता! नेहमीची लिथियमची बॅटरी पार रिकामी करून ठेवली तर कामातून जाते. आमची सोडियमची, म्हणजे तुझी मिठाची, पंधरा दिवस उन्हात रिकामी राहूनही उठते, हेच दाखवायचं होतं. नाही उठली तर आमचं काम बंद, आणि मला बिलं लिहायच्या टेबलावर बसवणार. आजोबा हसले ते बरोबरच.

गप्प बसले असते तर टेम्पो सुरू झाला असता आणि मी जिंकले असते. नाही जमलं. साहेबांना सांगून टाकलं. ते सगळ्यांपुढं म्हणाले की आजीच्या भाकरीवर चालणारी बॅटरी पहिल्यांदाच बघतोय. पण नव्यानं पंधरा दिवस दिलेत. गोकुळ उद्या ही चिठ्ठी घेऊन येईल, टेम्पो रिकामा करील, वायर घेऊन जाईल. तुझ्या पाया पडते, आता काही पाजू नकोस. घोंगडंही काढ.

तुझी माया अशीच असावी, फक्त टेम्पोवर नको.
तुझी रुपाली

।। बिरोबा प्रसन्न ।।
राहू, ता. १ मे २०२५

चि. रुपालीस अ. उ. आशीर्वाद. काल तू टेम्पोत बसून गेलीस ती मागं वळून बी बघितलं न्हाईस, म्हणून ऱ्हायलेलं लिहिते.

पंधरा दिवस मी त्याच्याकडं पाठ करून जेवले. घास गोड लागंना. खरं बोललीस त्याचा राग आधी आला, मग छाती एवढी झाली. म्हाताऱ्याला म्हणलं, पोर आपली हाय.

आन् तुझा साहेब! टेम्पो वढून न्यायला जीप आन् नवा कोरा दोर घिऊनच आला. आधीच सुतक धरून आल्याला माणूस. तू वायर लावलीस, घटका गेली, दोन गेल्या, ह्यो घड्याळ बघून जांभया देतोय. मग दिवा लागला. लेकी, मेलेलं कोकरू हलावं तसं मला झालं. तू वजनाला मेंढरांच्या मिठाची तीन पोती टाकून दौंडच्या वाटंला लागलीस, तवा त्याचं तोंड बघायला पायजे व्हतं. मी चहा पुढं केला. निमूट प्यायला. हुंगला न्हाई.

घाईत दोर हितंच विसरून गेला. चांगला हाय, मी त्यानं मेंढा बांधलाय. पायजे असला तर साहेबानं स्वता येऊन सोडावा म्हणावं. मेंढा मारका हाय, ते सांगू नको.

तुमच्या टेम्पोवर आन् ह्या म्हातारीवर लोभ ठेव. पोटभर जेवत जा, तू काय मिठाची न्हाईस.
तुझी आजी, बानूबाई