गिऱ्हाईक येईल तेव्हा मी घरी नसेन

सूनबाई,

गाडी बघायला अकराला गिऱ्हाईक येईल. मी वाचनालयात जाऊन बसतो. "बाबा समोर असले की गिऱ्हाईक पळतं," असं तुझा नवरा म्हणतो, ते खोटं नाही. मागच्या दोघांना मीच एकेक दोष सांगत बसलो. खरेपणापोटी, की विकायचीच नव्हती म्हणून, माझं मलाच कळत नाही.

किल्ली फ्रीजवर आहे. मागचं डावं दार फक्त आतून उघडतं, एवढं मात्र सांगच. बाकी इंजिन ठणठणीत आहे. इतकी वर्षं तिनं चिमणीएवढं पेट्रोल पिऊन बैलासारखं काम केलं. आपल्या जिवावर कुठल्या मेकॅनिकनं माडी बांधली नाही.

आज ती जाऊ दे. तोंडानं सांगवत नाही म्हणून लिहितो. काल शाळेतून येताना मला लाल दिवा दिसलाच नाही. छकुली मागून ओरडली, "आजोबा, थांबा!" म्हणून वाचलो. तिला रागावू नकोस. घरी बोलू नको असं मीच तिला सांगितलं होतं.

उद्यापासून तिला शाळेत चालत नेईन म्हणतो. पण तुला भीती वाटत असेल, तर माझी भीड न धरता नाही म्हण.

बाबा