एका पानाला एक नाकतोडा

रविवार, २७ जुलै

आली एकदाची. चप्पल न काढता सरळ पिंजऱ्याकडे! आजी समोर बसलीय, तिच्याकडे बघायलाही फुरसत नाही. आधी मिर्ची.

मिर्ची म्हणजे सरडा. शॅमेलिऑन म्हणतात त्याला. माझ्या मुलाने, मननने, लेकीला, चिऊला, हौसेने आणून दिला. मग बायकोशी बिनसलं, तो गेला बंगलोरला. सूनबाई, स्वप्नाली, चिऊला घेऊन इथे देवासातच भाड्याने राहते. तिच्या घरमालकाला जनावर चालत नाही, म्हणून ही ब्याद माझ्या गळ्यात. एक डोळा इकडे, एक तिकडे — शिसारी येते मला. पण तो आहे म्हणून नात रविवारी येते. माझ्यासाठी कोण येतंय!

बुधवार, ३० जुलै

मागच्या अंगणात वाकून वाकून नाकतोडे धरले. शेजारच्या भवानीबाई कुंपणापलीकडून म्हणतात, काकी, बुढापे में ये कौन सा शौक? हसून घेतलं.

नियम काय कमी आहेत! काजवा द्यायचा नाही, भडक रंगाचा किडा द्यायचा नाही, सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या जागेपेक्षा मोठा द्यायचा नाही. औषध फवारलेल्या जागेवरचा तर मुळीच नाही, सरडाच मरतो. म्हणून धरलेले किडे रात्रभर भोपळ्याच्या फोडीबरोबर डब्यात ठेवायचे. सकाळी उड्या मारतील ते द्यायचे, लोळतील ते फेकायचे. हे सगळं चिऊला एकदाच सांगितलं, तिला तोंडपाठ. मराठीची बाराखडी मात्र डोक्यात शिरत नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

मला युक्ती सुचली. पुस्तक दिलं हातात. म्हटलं, एक पान शुद्ध वाचायचं, मग एक नाकतोडा. चुकलीस की मिर्ची उपाशी.

पहिल्याच ओळीला अडखळली. 'सकाळ'चं 'सकाल', 'डोळा'चा 'डोला'. मी डब्याचं झाकण लावलं. परत वाच. परत तेच. परत झाकण. रडायला लागली, "दादी, प्लीज, उसको भूख लगी है." आधी आजी म्हण, म्हटलं. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या पोथ्या वाचल्या, आणि ही माझी नात 'ळ' बघून घाबरते! सगळं त्या कन्नौदच्या आजोळचं वळण.

एकही नाकतोडा दिला नाही. रडू दे. रडून कोणी मरत नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आजपासून सरड्याचं खाणं बंद. भुकेला असला की रविवार रंगतो.

रविवार, १० ऑगस्ट

सरडा काळवंडलाय, डोळे आत गेलेत. चिऊ काचेला हात लावून बसली. मग स्वतःहून पुस्तक घेतलं. पान संपता संपता चुकली. शेवटच्या ओळीत! मी झाकण लावलं.

मग म्हणाली, "आजी, तुला याची दया नाही येत?"

मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार, माझ्या मुलाची आली होती का."

तिने पुस्तक मिटलं, पिंजऱ्याकडे तोंड फिरवलं. मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

ती गेल्यावर दिले सरड्याला दोन. मेला तर रविवारच गेला माझा.

मंगळवार, १२ ऑगस्ट

स्वप्नालीचा फोन. चिऊ रात्री झोपेत धडे वाचते म्हणे. आई, पंधरा दिवसांनी एकदा पाठवलं तर? मी म्हटलं, पाठव की. फक्त सरडा आधी घेऊन जा, नाहीतर मी सोडून देते कुठेतरी. दर रविवारीच पाठवते, म्हणाली. जिंकले!

रविवार, १७ ऑगस्ट

काय वाचलं पोरीने! पूर्ण पान, 'ळ'सकट, एक चूक नाही. मी तिचा मुका घेतला. शिकवलं की येतं. माझंच रक्त आहे शेवटी.

नाकतोडे तिनेच आणले होते, बरणीत. कॉलनीच्या बगीच्यातले म्हणाली. मी म्हटलं, ठेव रात्रभर भोपळ्यात, उद्या मी देईन. तर म्हणते, सगळं बरोबर वाचलं ना? मग आज मीच देणार, सगळे देणार. नाही कसं म्हणू? एकेक करून भरवले. सरड्याची जीभ सटासट चाललेली. पोट भरेस्तोवर खाल्लं त्याने. नंतर किती वेळ त्याला हातावर घेऊन बसली होती.

सोमवार, १८ ऑगस्ट

सरडा मेला. पिंजऱ्याच्या तळाशी तोंड उघडं टाकून पडलाय. मला रडू आवरेना. त्याच्यासाठी नाही. आता ती येणार कशाला?

मंगळवार, १९ ऑगस्ट

स्वप्नालीला फोन केला, भांडायलाच. म्हटलं, तुमच्या बगीच्यात औषध मारतात का? ती म्हणाली, कोणता बगीचा? शनिवारी आम्ही कन्नौदला होतो, नानांकडे. चिऊने किडे तिथेच पकडले. पण घाबरू नका आई, नानांनी सोयाबीनला फवारा मारलाय, हे तिला माहीत होतं. "दवा किस खेत में डाली, असं तिने आधीच विचारून घेतलं. हुशार आहे."

मी फोन ठेवला.

माझ्यापासून सुटायला तिने जीव घेतला. दहा वर्षांची पोर! एवढी नकोशी आहे मी?

रविवार, २४ ऑगस्ट

चिऊ आली. कोणी न बोलावता. रिकाम्या पिंजऱ्याकडे बघितलं, माझ्या शेजारी बसली, पुस्तक मांडीवर उघडलं. "मिर्चीला आता भूक लागणार नाही. आता मी चुकले तरी चालेल ना, आजी?"