बदामाची चव्वी

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी कधीच निघून आले आहे. माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झालेत, आणि तुमच्यासारखं हिवतापावर कुनैन न खाताही माझे कान तुमच्याइतकेच मंदावलेत. त्या रविवारी डाकबंगल्याच्या पडवीत काय झालं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. आज लिहिते आहे.

पत्त्यांतलं ब्रिज तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी चांद्याहून मॅट्रिक होऊन आले होते, गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. चुलीवर भात रटरटत असायचा, आणि पाटावर तुम्ही चार हात मांडायचे. रेंजर म्हणून दिवसभर जंगलतोडीच्या कूपात फिरून आलेले, पायांना गुंडाळलेल्या खाकी पट्ट्या तशाच. बोली लावणं कोणालाही येतं, असं तुम्ही म्हणायचे. बोली दुसऱ्याची असते तेव्हा खरा खेळ कळतो. समोरचा बोली पुरी करायला बसलेला, आपण दोघं ती मोडायला. पहिलं पान आपल्यालाच टाकायचं, तेही समोरच्याचा एकही पत्ता न पाहता. आणि मग रंग संपला की काय सोडायचं, काय राखायचं. एकदा मी विचार न करता बदामाची दुर्री सोडली, तेव्हा तुम्ही हातातले पत्ते खाली ठेवलेत. "काऊन टाकली?" मी म्हटलं, "दुर्रीच तर आहे, काय कामाची?" तुम्ही चिडला होता. "कामाची नाई हे तुले कोणी सांगितलं? तुह्या भिडूले विचारलं का? मी तुह्यं एकेक पान वाचून राह्यलो, माय. तू सोडते म्हणजे माह्याशी बोलते. खोटं बोलू नोको." त्या दिवशी भात करपला. आपण तो जवसाच्या चटणीशी खाल्ला, आणि तुम्ही तोच हात पुन्हा मांडलात.

दर रविवारी दुपारी डाकबंगल्यात डाव व्हायचा. तुम्ही, मी, समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर, आणि लाकूड डेपोचे बाबू. आपण दोघं एका बाजूला. डॉक्टर नागपूरला शिकलेले, फार सफाईनं खेळायचे, आणि आपण बहुतेक हरायचो. हरल्यावर ते हसत म्हणायचे, "रेंजरसाहेब, मुलीला शाळेतच राहू द्या." तुम्हीही हसायचे. मला ते हसणं लागायचं. बावीस वर्षांची होते मी. आठवडाभर पोरांकडून पाढे म्हणवून घेताना माझ्या डोक्यात रविवारचे पत्ते असायचे.

तो रविवार मार्कंड्याच्या जत्रेनंतरचा. ऊन तापायला लागलेलं, मोहाची फुलं पडायला लागलेली. डॉक्टरांनी तीन बिनहुकुमीची बोली लावली, म्हणजे त्यांना तेरांपैकी नऊ हात हवे होते. पहिलं पान माझं. माझ्याकडे किलवर लांब होता, पण किलवरची बोली डेपोच्या बाबूंनीच दिली होती, म्हणजे तिथे मी फुकट मरणार. माझ्या हातात बदाम दोनच, नव्वी आणि चव्वी. डॉक्टर आणि बाबूंपैकी कोणी बदाम बोललं नव्हतं. मग बदाम तुमच्याकडे असणार. मी नव्वी उतरवली. डॉक्टरांनी भुवई वर केली. बाबूंनी आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले आणि चहाचं बघायला आत गेले. तुम्ही, एक्का-राणी हातात असताना, अठ्ठी टाकलीत. डॉक्टरांनी राजानं हात घेतला. आणि मला कळलं, तुम्ही माझ्यासाठी थांबला आहात. मी कधीतरी हात घेईन आणि तुम्हाला पुन्हा बदाम देईन, म्हणून.

मग डॉक्टर इस्पिक ओढायला लागतात. पाच इस्पिक. माझ्याकडे दोनच आहेत, म्हणजे मला तीन पानं सोडायची आहेत. पहिल्यांदा मी किलवर सोडते. दुसऱ्यांदा पुन्हा किलवर. तिसऱ्यांदा मी अडते. अजून एक किलवर सोडला तर बाबूंचे किलवर मोकळे होतील असं वाटतं. चौकटीचा एक्का माझा, त्याच्याभोवतीची पानंही हवीशी वाटतात. सगळ्यांत निरुपयोगी दिसते ती बदामाची चव्वी. माझं बोट तिच्यावर जातं.

त्याच वेळी अंगणात तो माणूस आला. डॉक्टरांची पाठ अंगणाकडे होती. तुमची नजर पानांवर. मला मात्र तो सरळ दिसत होता. पन्नाशीचा असेल, जंगलातल्या पाड्यावरचा, धावत आलेला, छाती वरखाली होत होती. पायरीपाशी येऊन त्यानं डोक्याचा पंचा काढला. "डाक्टरसाहेब," असं तो हळूच म्हणाला, इतकं हळू की मी ओठांवरूनच ओळखलं. त्याच्या धोतरावर काही लागलेलं होतं. ते रक्त आहे हे मला दिसलं की नाही, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की आता खरं काय ते उरलेलं नाही. मी टेबलावरून डावा हात उचलला आणि पंजा दाखवला. थांब. तो थांबला. पंचा छातीशी धरून, उन्हात, खाली मान घालून.

मी चौकटीचं लहान पान सोडलं. चव्वी राखली. डॉक्टरांनी किलवरचे दोन हात घेतले, थोडा विचार केला, पुन्हा थोडा विचार केला, मग चौकट खेळले. मी एक्का मारला आणि चव्वी टाकली. तुमचे चार बदाम ओळीनं आले. एक हात कमी पडून बोली मोडली. तुम्ही वर पाहिलंत. तुमचे डोळे भरले होते, बाबा. तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे वळले आणि त्यांना तो दिसला.

"काय रे?"

"भाऊले आणलं जी. दवाखान्यात. साग पडला पायावर. रक्त थांबून नाई राह्यलं."

डॉक्टर धावले. तुम्हीही धावलात. मी पत्ते गोळा करत बसले. ते नीट लावून डबीत ठेवले. थोड्या वेळानं दवाखान्याच्या ओट्यावरून बाईमाणसाचा आवाज आला. तो रडण्याचा नव्हता, कोणाला तरी हाक मारत राहिल्याचा होता. नवऱ्याच्या नावानं ती हाक मारत होती, आणि ते नाव मी त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं. तुमच्याच कूपात तो झाडं तोडायला होता. डॉक्टर परत आले ते बाह्या कोपरापर्यंत रंगलेल्या, मागून तुम्ही. तुमच्याकडे न पाहता म्हणाले, "आल्या आल्या कळलं असतं तर बांधता आलं असतं. पाय गेला असता. माणूस राहिला असता."

चौकशीला चांद्याहून साहेब आले. त्याच पडवीत, त्याच टेबलावर कागद मांडून बसले. मी आतल्या खोलीत बाकावर, दार उघडं. मेलेल्या माणसाचा भाऊ उभा राहून सांगत होता. साहेबांनी विचारलं, तू ओरडला का नाहीस? तो म्हणाला, "थांब म्हणून हात झाला जी."

"कोणी केला?"

"मले नाई माहीत. मी मोठ्या लोकाइच्या तोंडाकडे पाहून नाई राह्यलो. हात पाह्यला."

 मग तुमचा आवाज आला. "हात मी केला, साहेब. डाव संपत आला होता."

मला वाटलं, मी उठेन. मी उठले नाही. साहेबांनीच बोलावल्यावर उठले. त्यांनी विचारलं, "तुमचे वडील सांगतात, तसंच झालं का?" तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. त्या भावाचे डोळे जमिनीकडे होते. मी म्हटलं, "हो."

त्या संध्याकाळी तुम्ही भाजी चांगली झाली म्हणालात. एवढंच. त्यानंतर कूपातले लोक तुम्हाला रामराम करेनासे झाले. चामोर्शीच्या बाजारात मेलेल्याच्या बायकोनं तुम्हाला पाहून डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि तुम्ही पुढे जाईपर्यंत तशीच उभी राहिली. मी तुमच्या मागे चार पावलांवर होते, हातात वांग्यांची पिशवी. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पावसाळ्याआधी तुमची बदली सिरोंच्याकडे झाली. बढतीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. पत्त्यांची डबी तुम्ही सामानात घेतली नाहीत. मी नागपूरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले. तुमची पत्रं यायची. पाऊस, नदीचं पाणी, तेलुगू बोलणारा स्वयंपाकी, आणि प्रत्येक वेळी "तू जिवाला जप". दुसऱ्या वर्षी तापानं तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. स्वयंपाक्यानं मला तुमचा चष्मा आणि पट्ट्या दिल्या, आणि म्हणाला, साहेब फार कमी बोलायचे.

तुम्ही माझा पंजा पाहिला होता की नाही? एवढंच मला हवं होतं. पाहिला असेल तर तुम्ही जाणूनबुजून माझं ओझं उचललंत, आणि मी ते उचलू दिलं. पाहिला नसेल, तर स्वतःच्या मंद कानांमुळे तुम्ही दोष आपल्यावर घेतलात, की आवाज आला असेल आणि आपणच नकळत हात हलवला असेल, असं तुम्हाला खरंच वाटलं असेल. मग शेवटची दोन वर्षं तुम्ही न केलेल्या गोष्टीसाठी झुरलात, आणि मी एका ओळीत ती तुमच्यावरून काढून घेऊ शकले असते. दोन्हींपैकी कमी वाईट कोणतं, हे ठरवायला मी पुष्कळ वर्षं घालवली. ठरलं नाही. त्या बाईकडे जावं, असं दरवर्षी वाटायचं. चामोर्शीला जाणारी बस ओळखीची होती. मी गेले नाही. आता तीही नसेल.

ही पानं मी फाडणार नाही, आणि कोणाला दाखवणारही नाही. पण लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट राहू नये. मी अजून खेळते, बाबा. आठवड्यातून दोनदा. लोक म्हणतात, बाईंचं पान सोडणं पाहत राहावं. आणि तो रविवार आठवतो तेव्हा आधी माझी चव्वी पडते, तुमचे बदाम ओळीनं येतात, डॉक्टरांचा चेहरा उतरतो, आणि मला बरं वाटतं. अजूनही वाटतं. तो माणूस त्यानंतर येतो.