मामाची खिडकी

३ मार्च
सिनेमावाले आले! पैलवानानं गल्लीला कसं धाकात ठेवलं, त्यावर सिनेमा. त्याच्याविरुद्ध तक्रार द्यायला निघालेल्या माझ्या भावाला भर दुपारी कोपऱ्यावर गोळी घातली, तेही दाखवणार. खटल्यात एकही साक्षीदार मिळाला नाही. सिनेमात मात्र अख्खी गल्ली काम करायला तयार!
त्या दिवशीचा भावाचा निळा चौकड्यांचा शर्ट मीच शिवला होता. आता तसेच पुष्कळ शिवायचे — रक्तानं खराब होतात म्हणे.

५ मार्च
पहिला शर्ट झाला. रडले नाही. राग असला की माझी शिलाई सरळ येते.

८ मार्च
शूटिंग बघायला पैलवान जातीनं येणार. खुर्ची मागवलीय मेल्यानं! मी कात्रीला धार लावून आणली. शिंपिणीच्या पिशवीत कात्री असणारच, कोण विचारतंय?
आई म्हणाली, "काय चाललंय तुझ्या डोक्यात?"
म्हटलं, "काजं करायचीत."
समोरून मामा आला. त्यालाही काम मिळालंय, कोपऱ्यावरच्या त्याच्याच माडीची खिडकी लावायचं. "मलाही एक शर्ट शीव की गं!" भाऊ गेल्यावर यानंच आम्हाला सावरलं. नाही कसं म्हणणार?

११ मार्च
पैलवान खुर्चीत, पायावर पाय टाकून. मी अगदी मागे. हात पिशवीत, मूठ कात्रीवर.
दिग्दर्शकानं बजावलं, "गोळीचा आवाज आला की खिडक्या लावायच्या. त्या दिवशी लावल्या तशाच."
भावाचं काम करणारा नट कोपऱ्यावर वळला — आणि मामाची खिडकी धाडकन लागली. गोळी अजून सुटायचीच होती!
"काका, गोळीनंतर!"
पुन्हा तेच. नट वळला, खिडकी बंद, मग गोळी. तिसऱ्यांदा मामा वैतागला, "अहो, त्या दिवशी अशीच लावली होती!"
सगळे हसले. पैलवान हसला नाही. त्यानं वर मामाकडे डोळे वटारून बघितलं, आणि मला कळलं.
खिडकी ही खूण होती. भाऊ वळला, हे खालच्या मारेकऱ्याला मामानं कळवलं. पैलवानानं गल्लीतलं एकेक दुकान फोडलं, मामाचं कधीच नाही. आम्ही त्याला नशीबवान म्हणायचो!
पिशवीतून हात रिकामाच बाहेर काढला.

१२ मार्च
मामाला निरोप धाडला — शर्टाचं माप घ्यायला येतेय. खिडकी लावून घे.