न पटणारी आई

ग्लेन मोरा, केप ब्रेटन
११ नोव्हेंबर

प्रिय शोना,

बरी असशील. मी बरी आहे, गुडघे सोडून. यंदाचा पहिला बर्फ पडून गेला. रॉडीला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं झाली. तुला कुणी कळवलं असेल-नसेल. तू घर सोडल्याला बारा वर्षं झाली, तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवतेय.

वाचनालयातल्या आमच्या मंडळानं या महिन्यात तुझं पुस्तक घेतलं होतं. टोपणनावामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. मलाही नाही, नवव्या पानापर्यंत. पुस्तकाच्या शेवटी तू वाचकांची मतं मागितली आहेस, नव्या आवृत्तीत दुरुस्त्या करायच्या म्हणून. तर कळवते.

टेकडीच्या पोटातल्या परीलोकातला तो मुलगा सगळ्यांना आवडला. साठी उलटलेली मॉराग म्हणाली, असला कुणी टेकडीतून माझ्यासाठी आला तर मी बूट घालायलाही थांबणार नाही. भाषा छान, पुस्तक मात्र फारच छोटं, असं बहुतेकींचं मत. कॅथीनं इंटरनेटवर पाचातले तीन तारे दिलेत. दोन कापले ते आईमुळे.

सावत्र बाप मुलीला तळघरात कोंडतो, ते तिला पटलं. असली माणसं असतात, म्हणाली. पण मुलगी खाली जाताना आई तिच्या खिशात ओटच्या भाकरीचा तुकडा सरकवते आणि भांडी घासायला वळते, तिथे कॅथीनं पुस्तक बाजूला आपटलं.

"भाकरी देते म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. मग दार का नाही उघडत? अशी आई नसते बाई. लिहिणारीला मूलबाळ नसणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मला विचारलं.

मी म्हणाले, "हो, मलाही ती खोटीच वाटली."

खिशात ओट असले की टेकडीतले लोक जवळ येत नाहीत, हे तुला आजीनंच सांगितलेलं. तुझ्या पुस्तकात तो मुलगा रोज झरोक्यापाशी येतो आणि त्या तुकड्यामुळे त्याला तिचा हात धरता येत नाही. ती तुकडा उंदरांना टाकते तेव्हाच सुटते. ते वाचलं आणि दोन दिवस मी पुस्तक उघडलं नाही. मला वाटायचं, तेवढं तरी मी केलं. शोना, तेवढं केलं म्हणूनच बाकीचं न करताही मला झोप लागायची.

रॉडीला मी भ्यायचे, हे खरं. पण तुला कोंडून तो दुपारभर गोदीवर असायचा. किल्ली स्टोव्हच्या वर खिळ्याला असायची. माझा हात पोचायचा.

कॅथीसारख्यांसाठी तू पुस्तकातल्या आईला बदलशील, याची मला धास्ती आहे. तिला आजारी पाडशील, नाहीतर शेवटी रडत दार उघडायला लावशील. तसं करू नकोस. येत्या मंगळवारी मंडळ बसेल तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगणार आहे. त्यानंतर माझ्याशेजारी कुणी बसेल असं वाटत नाही.

उत्तर नको. एकच मागणं आहे. पुस्तकात सगळ्यांना नावं आहेत, तिला मात्र नुसतं 'आई' म्हटलंयस. तो शब्द काढ आणि तिथे नाव घाल.

एफी मॅकनील